स्थावर आणि जंगम

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भेद आहेत. घर, शेत, विहीर ही स्थावर आणि गाडीघोडा, भांडीकुंडी, दागदागिने ही जंगम, हे ज्ञान मला शाळेत झाले नाही, आजोबांच्या वाटणीपत्रात झाले. हे भेद ज्या कोणा धर्मशास्त्र्याने किंवा मुन्सफाने ठरवले असतील तो गृहस्थ पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी कधी आलेला नसावा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. आला असता तर घटकाभरातच त्याच्या ध्यानात आले असते की या रस्त्यावर दुचाकी ही स्थावर असून तिचा मालक तेवढा जंगम आहे. ती एकदा लाभलेल्या जागी अचल राहते; तो बापडा तिची चिंता वाहत दुकानांतून, बोळांतून आणि दैव फिरल्यास वाहतूक चौकीच्या आवारातून भ्रमण करीत राहतो. दोन गाड्यांच्या मध्ये हातभर जागा मिळाल्यावर पुणेकराच्या मुद्रेवर जे तेज चढते, ते सातबाऱ्यावर नाव लागलेल्या शेतकऱ्याच्या मुद्रेवरही मी पाहिलेले नाही.

माझे बिऱ्हाड सदाशिव पेठेत आहे. तेथून लक्ष्मी रस्ता, माझ्या गुडघ्यांची तक्रार हिशेबात धरूनही, पायी आठ मिनिटांच्या अंतरावर आहे. स्कूटरने जावयाचे म्हटल्यास मात्र हेच अंतर एका छोट्या तीर्थयात्रेचे रूप धारण करते. कारण या भागातील रस्ते एकेरी असून त्यांची दिशा ठरवताना सरकारने इतिहासाचा सल्ला घेतलेला दिसत नाही. पहिल्या बाजीरावाची उभी हयात उत्तरेकडच्या स्वाऱ्यांत गेली, तर बाजीराव रस्ता दक्षिणेस लावून दिला आहे. शिवछत्रपतींचा दक्षिणदिग्विजय जगप्रसिद्ध, तर शिवाजी रस्ता स्वारगेटकडून निमूटपणे उत्तरेस जातो. लक्ष्मी ही चंचल म्हणून तिची ख्याती. पण तिच्या नावाचा रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे ज्या गतीने सरकतो ती पाहता तिच्याइतकी स्थिर देवता दुसरी नसावी. तात्पर्य, मी कुमठेकर रस्त्याने पूर्वेस जातो, शनिपाराहून मंडईच्या अंगाने शिवाजी रस्त्यास लागतो, तेथून उत्तरेस चढून बेलबाग चौकात डावीकडे वळतो आणि अर्ध्या तासाच्या प्रदक्षिणेनंतर, घरून पायी निघालेला माझा शेजारी खरेदी उरकून परत येताना मला भेटतो. आम्ही एकमेकांस नमस्कार करतो. त्याला माझी दया येते की मला त्याची, हे आजवर उघड झालेले नाही.

मग मी पायी का जात नाही, असा प्रश्न सुज्ञ वाचकाला पडेल. एकदा गेलो होतो. चौकात तिघांनी विचारले, "गाडी बिघडली काय?" चौथ्याने प्रकृतीची चौकशी केली, आणि पाचव्याने, पेन्शन वेळेवर मिळते ना, असे अत्यंत सहानुभूतीने विचारले. पायी चालणे हे या शहरात एखाद्या आपत्तीचे लक्षण समजले जाते. हे तेच शहर, जे एके काळी सायकलींचे म्हणून ओळखले जात असे आणि जेथे माझ्या तरुणपणी दिव्यावाचून सायकल हाणल्याबद्दल किंवा मागे मित्राला 'डबलसीट' घेतल्याबद्दल हवालदार शिट्टी वाजवून उतरवीत आणि चाकाची हवा सोडीत. २०१८ साली शहरातील वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर जाऊन माणसांच्या पुढे गेल्याचे वर्तमानपत्रांत वाचले, तेव्हा मला नवल वाटले नाही. लक्ष्मी रस्त्यावर आम्ही अल्पसंख्य झाल्याला पुष्कळ दिवस झाले होते.

माझी स्कूटर आकुर्डीला जन्मलेली, चेतक जातीची. ही १९७२ साली निघू लागली आणि पुढे कितीतरी वर्षे ती मिळण्यासाठी नंबर लावून लोक मुलाच्या मुंजीइतक्याच धीराने वाट पाहत. मला ती आठ वर्षांनी मिळाली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव तिला शोभते; फरक इतकाच की त्या चेतकाने धन्याला वाचवण्यासाठी उडी मारली आणि या चेतकेला वाचवण्यासाठी मी अनेकवार उड्या मारल्या आहेत. सकाळी तिला डाव्या कुशीवर कलती करून, दहा आकडे मोजून, मग किक मारावी लागते. सौ.च्या मते इतके लाड मी कोणाचेच केलेले नाहीत.

आता लक्ष्मी रस्त्यावरील लोकव्यवहाराविषयी. प्रत्येक प्रदेशात भेटीच्या वेळी उच्चारावयाचे एक अभिवादन असते. कोठे 'राम राम', कोठे 'देव बरो दीस दिवं'. लक्ष्मी रस्त्याचे अभिवादन 'काका, निघताय का?' हे आहे. तुम्ही आपल्या गाडीजवळ जाऊन नुसता खिशात हात घाला. तो हात रुमालासाठी असो की बडीशेपेच्या पुडीसाठी असो, कोठून तरी एक तरुण प्रकट होतो, एक पाय जमिनीवर टेकवून गाडी गुरगुरत ठेवतो आणि हा प्रश्न विचारतो. त्यात पुसटशीही उद्धटता नसते. किंबहुना स्वतःच्या वडिलांची इतक्या आस्थेने विचारपूस तो करीत असेल की नाही, याची मला शंका आहे. तुम्ही 'नाही' म्हणालात की त्याचा चेहरा असा पडतो की आपण कोणाचा तरी वारसाहक्क बुडवला, असे वाटून मन खाते. मी तर एकदा केवळ भिडेखातर निघालो, चौक ओलांडल्यावर सौ. दुकानातच राहिल्याचे ध्यानात आले, आणि पुन्हा ती सबंध प्रदक्षिणा घालून येईपर्यंत तिने दोन साड्या अधिक घेतल्या होत्या. भिडेची किंमत माणसाला अशी मोजावी लागते.

जागा कोठे मिळेल, यास तारखेचे बंधन आहे. रस्त्याच्या एका अंगास 'पी-१' आणि दुसऱ्या अंगास 'पी-२' अशा पाट्या असतात. विषम तारखेस पहिल्या अंगास आणि सम तारखेस दुसऱ्या अंगास वाहने लावावीत, असा शिरस्ता. वरवर पाहता यात रामशास्त्र्यांच्या तोडीचा न्याय आहे. परंतु माझ्या परिचयाचे एक चष्म्याचे दुकानदार पी-१ च्या बाजूस बसतात, त्यांनी चिकटपणे हिशेब मांडून या न्यायातील छिद्र मला दाखवले. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते आणि दोन्ही विषम. म्हणजे वर्षातून सात वेळा त्यांच्या दारापुढे सलग दोन दिवस दुचाक्यांची भिंत उभी राहते आणि आतले चष्मे बाहेरच्यांना दिसत नाहीत. वर्षाचे विषम दिवस १८६ आणि सम दिवस १७९. लीप वर्षी तर एकोणतीस फेब्रुवारीनंतर एक मार्च येऊन अन्यायात आणखी एकाची भर. "समोरचा कापडवाला माझ्यापेक्षा दरसाल सात दिवस जास्त कमावतो," असे ते सद्गदित होऊन म्हणाले. पोप ग्रेगरीने पंचांग सुधारताना पी-१ च्या व्यापाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, ही गोष्ट खरीच आहे.

याच रस्त्यावर हुजूरपागा आहे. आज तेथे मुलींची शाळा भरते. १८८४ साली ती निघाली आणि महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले जाते. पण नावातच सांगितल्याप्रमाणे ही हुजुरांची पागा, म्हणजे खाशा पेशव्यांच्या घोड्यांची राहण्याची जागा. म्हणजे पेशवाईत या परिसरात वाहनतळाची तजवीज होती, आणि तीही रस्ता सोडून आत! अर्थात यात पेशव्यांच्या दूरदृष्टीपेक्षा घोड्याच्या स्वभावाचा भाग अधिक असावा. घोडा ही अशी वस्तू आहे की तिला कडेला तिरकी उभी करून, कुलूप लावून, पाच तास शालूचे पदर पाहत बसता येत नाही. ती खिंकाळते, वैरण मागते, शेजारच्या घोड्याला लाथ मारते. दुचाकीने हे सर्व दोष टाकले आणि त्याबरोबर आम्ही पागाही टाकली.

अगदीच टाकली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंडईच्या आसमंतात महापालिकेचे वाहनतळ आहेत, आणि त्यांची नावे वाचताना मी नेहमी थबकतो. एक आर्यन, दुसरे मिनर्व्हा. ही दोन्ही मुळात चित्रपटगृहे. आर्यन तर १९१५ सालचे, पुण्यातले पहिले. जेथे आमच्या वाडवडिलांनी अंधारात बसून मुके चित्रपट पाहिले तेथे आता अंधारात मुकी वाहने उभी असतात, आणि तिकीट तेवढे पूर्ववत लागते. तिसऱ्या वाहनतळाचे नाव हुतात्मा बाबू गेनू. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाने भरलेल्या लॉरीपुढे हा महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार आडवा झाला; लॉरी थांबली नाही आणि तो गेला. अवघ्या बाविशीच्या आत-बाहेरचा तो तरुण मोटारीसमोर निधड्या छातीने उभा राहिला, आणि त्याचे नाव आम्ही मोटारी उभ्या करण्याच्या इमारतीस दिले. देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला आदरच आहे. तरी त्या पाटीखालून जाताना माझा हात नकळत टोपीकडे जातो आणि दुसरा, दर किती आहे म्हणून, खिशाकडे.

या इमारतींत जागा असते काय? कधी असते. पण पैसे देऊन गाडी लावणे हे आमच्या रक्तात नाही. अमेरिकेत ऑक्लाहोमा सिटी येथे १९३५ साली रस्त्याच्या कडेला नाणे टाकावयाची यंत्रे प्रथम बसली आणि तिथल्या रयतेने ती सोसली. पुण्याच्या महापालिकेने मार्च २०१८ मध्ये रस्त्यावर गाडी लावण्याबद्दल शुल्क घेण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा शहरात असा काही गदारोळ उडाला की ते प्रथम पाचच रस्त्यांवर करून पाहू, असे ठरले. रस्ता सर्वांचा आहे, या तत्त्वावर आमची अढळ निष्ठा आहे. त्यातला आपल्या गाडीखालचा सहा फूट तुकडा तेवढा संध्याकाळपर्यंत आपला आहे. पादचाऱ्यांसाठीचे धोरण महापालिकेने त्याआधीच, २०१६ साली केले होते. त्याला कोणी विरोध केला नाही. ज्या कागदाला पुण्यात कोणी विरोध करीत नाही तो कोणी वाचलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

पादचारी ही कोणाची जात नव्हे. आमच्या पूर्वजांनी ब्रह्मचर्यादी चार आश्रम सांगितले, त्यांत हा पाचवा घालावयास हरकत नाही. स्कूटर लावल्यापासून पुन्हा तिच्यावर आरूढ होईपर्यंत मनुष्य या आश्रमात असतो, आणि तेवढ्या काळात त्याची मते संन्याशाच्या कठोरतेची असतात. "काय हो ही वाहने! माणसाने चालावे कोठून?" असे मी स्वतः गणपतीच्या देवळापुढे उभा राहून उच्च स्वरात म्हटले आहे. पदपथावर एका बाजूस कानातले विकणारे, दुसऱ्या बाजूस पोहे खाणारे, आणि मध्ये कपड्यांच्या दुकानांनी उभे केलेले ते गुळगुळीत पुतळे. या रस्त्यावर कायमची जागा मिळालेले पादचारी काय ते तेच, आणि त्यांना पाय असले तरी चालण्याची इच्छा नाही. पण तोच मी, खरेदी आटोपून किक मारली रे मारली की गृहस्थाश्रमात परततो आणि समोरून पिशव्या सांभाळत रस्ता ओलांडणाऱ्या बाईस उद्देशून पुटपुटतो, "चालायची काही रीत?"

अशा या रस्त्याचा एक पट्टा वर्षातून एक दिवस वाहनांना बंद ठेवून तो केवळ चालणाऱ्यांच्या स्वाधीन करावा, अशी कल्पना महापालिकेने काढली आणि ११ डिसेंबर २०२१ पासून 'पादचारी दिन' साजरा होऊ लागला. कल्पना नवी खरी, पण अननुभूत नव्हे. अनंत चतुर्दशीला याच रस्त्याने गणपती विसर्जनास जातात. मंडईतून निघून बेलबाग चौकातून टिळक चौकाकडे, म्हणजे एकेरी वाहतुकीचा नियम काटेकोरपणे पाळून. विघ्नहर्त्यालाही पुण्यात उलट दिशेने जाण्याची प्राज्ञा नाही. त्या दिवशी सबंध रात्र आणि वर दुसऱ्या दिवसाचा बराच भाग रस्ता माणसांचा असतो. फक्त ढोलांमुळे ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही.

२०२४ सालचा पादचारी दिन बुधवारी आला, आणि योगायोग असा की त्याच दिवशी मार्गशीर्षातील मोक्षदा एकादशी होती. मेहुणीच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि बस्त्यासाठी नेमका हाच मुहूर्त सौ.ने आणि तिने काढला, कारण गर्दी कमी असेल, असा त्यांचा अदमास. मी, पोटात साबुदाण्याची खिचडी आणि मनात नागरिकशास्त्र घेऊन, स्कूटर कुमठेकर रस्त्यालगतच्या एका गल्लीत नेली. लक्ष्मी रस्त्यावरून हद्दपार झालेली झाडून सारी वाहने तेथे आधीच दाखल झाली होती. पाहुणे येणार म्हणून दिवाणखान्यातला पसारा स्वयंपाकघरात लोटावा आणि मग दिवाणखान्याच्या स्वच्छतेचे कौतुक करावे, तसा काहीसा प्रकार होता. तरीही पूर्वजांच्या पुण्याईने एक जागा सापडली. पाटी पाहिली, पी-१. तारीख पाहिली, अकरा. सर्व काही सनदशीर होते. मी स्कूटर स्टँडवर घेतली आणि तिच्या बैठकीवर, घोड्याच्या पाठीवर मारावी तशी, एक थाप मारली.

लक्ष्मी रस्त्यावर आलो आणि पाहतो तो काय, रस्ता रुंद होता! इतकी वर्षे या दोन दुकानांच्या रांगांमध्ये एवढे अंतर आहे, हे मला ठाऊकच नव्हते. मध्ये कुंड्या, बाके, रांगोळ्या. कोठे पथनाट्य, कोठे मुलांचे खेळ. वरच्या मजल्यांवर जुन्या लाकडी सज्जांची नक्षी होती, आणि ती पाहण्यासाठी मान वर केली तरी प्राणास धोका नव्हता. पण खरी मौज लोकांची होती. सबंध रस्ता मोकळा असून माणसे मात्र दोन्ही कडांना चिकटून, एकामागून एक, मुंग्यांसारखी चालली होती. मध्यभागी जाण्याचे धैर्य कोणास होईना. एक गृहस्थ धिटाईने मधोमध गेले, तेथे उभे राहिले, पुढे काय करावे ते न सुचून त्यांनी खिशातून फोन काढला आणि कोणाला तरी, "मी रस्त्याच्या मध्ये उभा आहे," असे कळवले. दर पाच पावलांनी लोक मागे वळून पाहत. मला हसू आले. पण समोरच्या दुकानात जाण्यासाठी मी रस्ता ओलांडू लागलो तेव्हा माझा उजवा हात आपोआप आडवा झाला, पंजा उघडला, आणि मुळी येतच नसलेल्या वाहनांना थोपवीत मी अर्धवट धावत पैलतीर गाठला. सौ.ने विचारले, "कोणाला थांबवीत होता?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

साड्यांच्या दुकानात गादीवर बसल्याबरोबर मालकांनी सुस्कारा सोडला. "माणसे पुष्कळ आहेत हो, गिऱ्हाईक कोठे आहे?" मी त्यांस धीर देण्यासाठी कोपनहेगनची कथा सांगितली. डेन्मार्कच्या या राजधानीत स्ट्रोयेट नावाची मोठी बाजारपेठ १९६२ साली मोटारींना बंद केली, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनीही, आता आम्ही बुडालो, अशी ओरड केली होती. पण माणसे निवांत हिंडू लागली, थांबू लागली, दुकाने चालली, आणि आज तेथे मोटार आणा म्हटले तर हेच व्यापारी काठ्या घेऊन उठतील. मालकांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले, एक जरतारी पदर फटकारून पसरला, आणि विचारले, "तिकडे बस्ता बांधतात का?" याचे उत्तर नगररचनेच्या कोणत्याही ग्रंथात सापडेल, असे मला वाटत नाही. अठ्ठावीस साड्या, चार शालू, मुलाकडच्या मानाच्या नऊ, आणि 'आणखी एखादी असू द्या' म्हणून सहा, एवढा ऐवज दोन पायांवर कसा न्यावा? "आपल्या इथे माथेरानला मोटार नाहीच," मी अखेरचा प्रयत्न केला. "तिथे घोडा आहे," मालक म्हणाले.

खरेदीस साडेचार तास लागले. बोचकी मेहुणीकडे कोथरूडला जावयाची होती. ती रिक्षात बोचक्यांच्या आत कोठेतरी बसून गेली. मागे आम्ही दोघेच, रिकाम्या हातांनी, मोकळ्या रस्त्यावर. संध्याकाळ झाली होती. दिवे लागले होते, आणि हॉर्न नसल्याने माणसांचे बोलणे ऐकू येत होते. कोणी हसत होते, कोणी भाव करीत होते, कोठे एक मूल फुग्यासाठी रडत होते. आम्ही रस्त्याच्या मधून चालू लागलो. लग्न झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात आम्ही असे चालत असू. पुढे स्कूटर आली आणि सौ. माझ्या पाठीशी बोलू लागली. त्या दिवशी, पुष्कळ वर्षांनी, ती शेजारून बोलत होती आणि मला तिचे सर्व ऐकू येत होते, ही नवी अडचण मी आनंदाने सोसली. बोलता बोलता घर आले. आठ मिनिटांच्या जागी पंचवीस लागली असतील. चालणे ही किती रम्य गोष्ट आहे आणि महापालिकेला ही सुबुद्धी कशी झाली, यावर मी झोपेपर्यंत व्याख्यान दिले.

रात्री साडेअकराच्या सुमारास मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. "स्कूटर!"

"कोठे लावली आहे?" सौ.ने कूस न बदलता विचारले.

"पी-१ ला."

"आज विषम तारीख ना? मग बरोबर आहे. झोपा आता."

तिच्या तर्कात दोष काढण्यासारखे तेव्हा काहीच नव्हते. तो दोष आणखी अर्ध्या तासाने उत्पन्न व्हावयाचा होता. गल्लीत कोणी नसता, कोणी हात लावला नसता, स्टँडवर निश्चल उभी असलेली ती निष्पाप चेतक बाराच्या ठोक्याला अपराधी झाली. माझ्या वाचनात अशी स्थिती फक्त राजपुत्राच्या नाचाला गेलेल्या त्या सिंड्रेलाची आली आहे.

एकादशी अन् दुप्पट खाशी, अशी म्हण आहे. रस्त्यानेही द्वादशीला पारणे फेडले होते. काल ज्या जागी रांगोळी होती तेथून रिक्षा, टेंपो, मोटारी एकमेकांस हुंगत सरकत होत्या. मी गल्लीत पोहोचलो तर माझ्या जागी दुसऱ्याच कोणाची मोपेड, खाली रस्त्यावर खडूच्या दोन रेघा, आणि समोर चहाची गाडी लावणारा म्हणाला, "आजोबा, उचलली. आत्ताच. भोंग्यावरून नंबर ओरडत होते, पण तुम्ही नव्हतात." टेंपोवर चढवताना तिने विरोध केला काय, असे विचारण्याचा मोह मी आवरला. बारा डिसेंबर, ज्या तारखेला एका तरुणाने लॉरीपुढे आडवे होऊन प्राण दिला, त्याच तारखेला मी माझी स्कूटर टेंपोवरून सोडवून आणण्यासाठी, हातात कागदपत्रांची पिशवी घेऊन निघालो होतो. देशाची प्रगती मोजण्याची ही रीत बरी नाही, म्हणून मी तो विचार तेथेच सोडला.

चौकीच्या आवारात माझ्यासारखेच पाचपंचवीस जंगम लोक आपापल्या स्थावराच्या शोधात हिंडत होते. हवालदार वयाने माझ्या मुलाएवढे, बोलण्यात अत्यंत मृदू.

"आज तारीख काय काका?"

"बारा."

"गाडी कुठल्या बाजूला होती?"

"पी-१. पण मी ती काल लावली, अकरा तारखेला. त्या वेळी ती पूर्णपणे कायदेशीर होती. त्यानंतर ती तसूभरही हललेली नाही."

"काका," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हलली नाही, हाच तर गुन्हा आहे."

या वाक्यावर एखाद्या भाष्यकाराने टीका लिहावी, इतके ते अर्थगर्भ होते. वाहनाचा धर्म चालणे. तो धर्म सोडून ते एका जागी बसले, कालाची गती त्याने मानली नाही, आणि कालपुरुषाने त्यास उचलून नेले. मी मुकाट्याने दंड भरला, तिला उचलण्याची मजुरी भरली, आणि त्या मजुरीवरचा करही भरला. पावतीवर चेतकचे नाव, माझे नाव आणि बाराची तारीख होती; अकराच्या तारखेचा उल्लेख कोठेच नव्हता. "पादचारी दिनाला आलो होतो हो," मी जाता जाता म्हणालो. "मग गाडी कशाला आणलीत?" त्यांनी विचारले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

आता चेतक सुरू होईना. कलती केली, दहा आकडे मोजले, वीस मोजले. परक्या हातांचा स्पर्श झाल्याचा तिला राग आला असावा. अखेर तिला ढकलत निघालो. लक्ष्मी रस्त्यावरून, पश्चिमेस, नियमाच्या दिशेने. येथे मला एक सूक्ष्म शंका आली की स्कूटर ढकलणारा मनुष्य हा वाहनचालक की पादचारी? पदपथावर घेतली तर कानातले विकणारी बाई म्हणाली, "गाडी खाली घ्या की." खाली घेतली तर मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर अंगठा दाबून धरला आणि, "काका, चालायचं तर वरून चाला," असे सुनावले. दोन्ही आश्रमांतून बहिष्कृत झालेला मी हुजूरपागेच्या भिंतीपर्यंत कसाबसा आलो. घाम पुसला. शाळा सुटली होती आणि मुली घोळक्याने, त्या सबंध गर्दीत काहीच नसल्यासारख्या, हसत चालल्या होत्या. गुडघा आता स्पष्ट बोलू लागला होता. मी स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि श्वास घेण्यासाठी तिच्या बैठकीला टेकून उभा राहिलो. रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला.

एक मोटारसायकल हळूच शेजारी येऊन थांबली. तरुणाने एक पाय जमिनीवर टेकला, हेल्मेटची काच वर केली.

"काका, निघताय का?"

"नाही रे बाबा," मी म्हणालो, "जरा दम खातोय."

त्याने समजूतदारपणे मान हलवली, इंजिन बंद केले, आणि थांबला.